मुलखातला नावाडी

रोज दुपारचं जेवण झालं की प्रणिता मगदूम थोडा वेळ चांगली वागायची. उरलेल्या दिवसात तिला त्याची फारशी गरज पडत नसे. सांगलीजवळच्या माळेवाडीत तिचं हळदीचं गोदाम होतं आणि हमालांपासून दलालांपर्यंत सगळे तिच्या जिभेला वचकून असत. पण गोदामामागच्या खोलीचं दार लावून डोळ्यांवर चष्मा चढवला आणि हातांत मोजे घातले, की तिची शेवंता वैदीण व्हायची. शेवंता तहानलेल्या शेरडाला पाणी पाजायची. वाटेत लुटारू भेटले तर त्यांच्याच जखमा बांधायची. कुणी आभार मानले तर "असू द्या हो" म्हणायची. चष्मा उतरवल्यावर प्रणिताचे जबडे दुखत, कारण इतकं गोड बोलायची त्यांना सवय नव्हती.

त्या खेळाचं नाव 'मुलूख'. खरं तर त्याला खेळ म्हणायचं लोकांनी सोडूनच दिलं होतं. डोंगर, नद्या, पेठा, जंगलं असा अफाट प्रदेश, आणि तिथे अमुकच कर असं सांगणारं कुणी नाही. शेत नांगरा, लग्न करा, नाहीतर शेजाऱ्याची गंजी पेटवून द्या. तिथले रहिवासी यंत्राने घडवलेले होते, पण कुणी आपल्याशी कसं वागलं ते त्यांच्या पक्कं लक्षात राहायचं. मोज्यांतून दोरीचा काच कळायचा, गाईच्या अंगाची ऊब कळायची. लाकूड जळायचं, साठवलेलं धान्य आंबायचं. बोलणं मात्र यंत्र एकाच साच्यात ओतून पोहोचवायचं, त्यामुळे आवाजावरून किंवा बोलीवरून माणूस ओळखता येत नसे. आणि प्रत्येक खेळणाऱ्याच्या बऱ्यावाईट कृत्यांची एक वर्तनरेषा यंत्र काढत राहायचं.

या रेषेवर तुरुंगाच्या कायद्याने विश्वास टाकला होता. सोंग फार दिवस टिकत नाही, हे त्यामागचं गृहीत. कैद्याने रोज काही वेळ मुलखात काढायचा आणि काही वर्षं रेषा स्वच्छ राहिली, की वर्तन मंडळ त्याला मुदतीआधी सोडणार. अट एकच होती, मेलेल्या माणसाच्या नातेवाइकांची संमती. ती देणाऱ्या नातेवाइकाला एक हक्कही मिळे. वेगळं नाव घेऊन मुलखात शिरायचं आणि कैदी कसा वागतो ते स्वतः बघायचं. मात्र स्वतःची रेषाही स्वच्छ ठेवायची. एक डाग पडला की हक्क गेला. चांगलं वागता वागता दुःखी माणसाचं मन निवळेल, अशी कायदा करणाऱ्यांची समजूत होती. त्यांना माळेवाडीची माणसं ठाऊक नव्हती.

प्रणिताने संमती दिली तेव्हा गावाने तिला देवमाणूस ठरवलं. भावाला मारणाऱ्याला सोडायला तयार झाली, केवढं मन म्हणायचं! तिने संमती दिली होती ती तो हक्क मिळवण्यासाठी. दिग्विजय सावर्डेकर चुकतो कुठे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि त्याला पुन्हा आत गाडायचं, एवढ्यासाठी ती शेरडांना पाणी पाजत होती.

माळेवाडीत हळद पेवांत ठेवायची जुनी रीत पुन्हा सुरू झाली होती. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार, तोंड अरुंद आणि पोट मोठं. आत हवा खेळत नाही, म्हणून हळदीला कीड लागत नाही. पण त्याच कारणाने बंद पेवातली हवा माणसाचा जीव घेते. म्हणून पेव उघडलं की आधी दिवसभर उघडं ठेवायचं, मग दोरीने पेटता कंदील खाली सोडायचा. ज्योत विझली तर कुणी आत पाऊल घालायचं नाही. गल्लीतल्या मुलांना हे बाराखडीच्या आधी कळे.

दिग्विजय गावातल्या सगळ्यांत मोठ्या आडत्याचा मुलगा. हळदीत रंग मिसळताना प्रणिताच्या धाकट्या भावाने, सुकुमारने, त्याला पकडलं आणि उद्या बाजारात सांगतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी दिग्विजयने त्याला गोडीत घेतलं. "रंगाचा माल बाहेर काढून तुझ्यासमोर जाळतो. पेव कालच उघडून ठेवलंय, उतर बिनधास्त," असं म्हणून दोर स्वतःच्या हातात धरला. खरं तर पेव त्याने नुकतंच उघडलेलं होतं. खालून दोराला हिसके आले तेव्हा त्याने दोर सोडून दिला. कोर्टात तो म्हणाला, "मी पुण्याला शिकलो. पेवातल्या हवेचं मला काय ठाऊक? दोर हातातून निसटला." त्याला पोरवयापासून कंदील सोडताना बघितलेली निम्मी गल्ली साक्षीला उभी राहिली नाही, कारण प्रत्येकाची हळद त्याच्या बापाच्या आडतीवर जात होती. खुनाचा निष्काळजीपणा झाला आणि दिग्विजयने मुलखाची सवलत मागितली.

प्रणिता खोलीतून बाहेर आली की आई चहा घेऊन वाट बघत असायची.

"काय गं, घावला का?"

"नाही. आज एका म्हाताऱ्याला उचलून नावेत बसवलं त्यानं."

"बगळा हाय मेला," आई म्हणायची. "एका पायावर हुबा ऱ्हायलाय. मासा दिसू दे, मग बघ."

मंडळाने तिला कळवलं होतं, की हा कैदी मुलखात तळपेठेच्या घाटावर हंबीर नावाचा नावाडी आहे. शेवंताने त्याच घाटाजवळ झोपडी बांधली. ती त्याच्या नावेत आपले चांदीचे तोडे विसरली, तर तो उन्हातून धावत येऊन देऊन गेला. गावातला तोंडाळ दारुडा तिने मुद्दाम त्याच्या नावेत बसवला. त्याने पलीकडे पोहोचेपर्यंत हंबीरच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि हंबीरने त्याला खांद्याला धरून घरी सोडलं. लहान मुलं त्याच्या नावेत उगीचच बसून असायची. कधीकधी तो वल्हं टाकून नुसता वर आभाळाकडे बघत राहायचा. प्रणिताला हे सगळं सहन होत नसे. त्याचं प्रत्येक चांगलं काम तिला सुकूच्या तोंडावर मारल्यासारखं लागायचं.

तेव्हा तिने पेव खणायचं ठरवलं.

तळपेठेत उंदरांनी धान्याची नासाडी चालवली होती. शेवंताने रहिवाशांना पेव बांधायला शिकवलं, भिंती लिंपायला शिकवल्या, तोंड कसं बंद करायचं ते दाखवलं. गावाचं धान्य वाचलं आणि शेवंताची रेषा आणखीच उजळली. प्रणिताच्या मनात वेगळंच होतं. आत ओलसर धान्य आंबत राहिलं की हवा पुरती मरेल. मग ती आत उतरणार आणि दोर हंबीरच्या हातात देणार. खालून हिसका आला की या माणसाच्या हातांना जुनं आठवेल. तो सोडेल, पळेल, निदान थिजून उभा राहील. तेवढ्यानेही त्याची रेषा तुटणार होती.

पेव उघडलं त्या दुपारी तिने हंबीरला हाक मारली. "आत बियाणं राहिलंय. एवढा दोर धरतोस?"

"धरतो की," तो म्हणाला आणि त्याने दोराला हाताचा वेढा दिला.

ती उतरली. तळाशी पाय टेकले तसा चष्म्याच्या कडांनी अंधार दाटायला लागला. मुलखात मरण म्हणजे सगळं पुसलं जाणं, रेषा पुन्हा पहिल्यापासून. तिला त्याची पर्वा नव्हती. ती सुकूचा विचार करत होती. त्यालाही असंच वरचं गोल आभाळ दिसलं असेल. तिने दोराला हिसका दिला, मग आणखी एक दिला.

दोर सैल पडला.

प्रणिताच्या छातीत आनंदाची अशी लाट उठली की ती त्या खोलीत, चष्म्याआड, मोठ्याने हसली. सोडला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते उगीच नाही. आता यंत्राने ते बघितलं आणि मंडळही बघेल.

एवढ्यात तिच्या शेजारी धपकन काहीतरी पडलं. हंबीर होता. त्याने दोर वरच्या बाभळीला बांधला होता आणि त्याच दोराने खाली घसरत आला होता. तिच्याशी एक शब्द न बोलता त्याने तिला दोरात अडकवलं, खांद्यावर उभं केलं आणि वर जमलेल्या रहिवाशांना ओढायला सांगितलं. ती बाहेर आली तेव्हा तो खाली कोसळला होता. रहिवाशांनी दोराला गळ बांधून त्याला कसाबसा वर काढला. आणखी थोडा उशीर झाला असता तर त्याची इतक्या वर्षांची रेषा पुसून गेली असती.

तो शुद्धीवर आला तेव्हा ती त्याच्या उशाशी बसली होती. राग कुठे ठेवायचा ते तिला कळत नव्हतं. तोंडून जे निघालं ते माळेवाडीतल्या कुणाच्याही तोंडून निघालं असतं.

"आधी कंदील का नाही सोडलास?"

हंबीरने तिच्याकडे पाहिलं. "भर दुपारी कंदील कशाला?" तो म्हणाला. "दिसत होतं की."

कंदील उजेडासाठी असतो असं समजणारा माणूस पेवांच्या गल्लीत जन्मला नव्हता. दिग्विजय कोर्टापुढे अडाणी बनला होता, पण एका वैदिणीपुढे, मरता मरता वाचल्यावर, त्याला सोंग करायचं कारण काय होतं? आणि मुख्य म्हणजे, ती हवा काय करते ते ज्याला ठाऊक आहे तो असा उडी मारून उतरतच नाही.

"तू दिग्विजय नाहीस," ती म्हणाली.

तो कोपरावर उठून बसला. मग म्हणाला, "तुम्ही तुरुंगातल्या की बाहेरच्या?"

"बाहेरची."

"मी त्याच्या बराकीतला आहे. नवनाथ ढवळे. सुरुवातीला हाताची ओळख तो पटवतो, मग चष्मा आणि मोजे मला देतो. पहारेकऱ्याला त्याच्या बापाने सांभाळून घेतलंय. त्याला या सगळ्याचा कंटाळा येतो."

"आणि तुला काय मिळतं?"

"बाहेर फिरायला मिळतं," तो म्हणाला. "मला मुलूख मंजूर नाही. मी बांधाच्या भांडणात एका माणसाला कुऱ्हाडीने मारलंय. खोटं काहीच नाही त्यात. त्याच्या बायकोने संमती दिली नाही आणि ती का द्यावी तिने? पण इथे आभाळ आहे, पाणी आहे. इथे कुणाला मारावंसं वाटत नाही." मग त्याने विचारलं, "तुम्ही सांगाल का कुणाला?"

शेवंताने वचन दिलं असतं आणि मोडलं असतं तर डाग पडला असता. प्रणिताला हे पक्कं ठाऊक होतं. तिने उत्तर दिलं नाही. त्याच्या ओठांना पाण्याचं भांडं लावलं, आणि यंत्राने तेही चांगलं काम म्हणून टिपलं.

मंडळाची सुनावणी सांगलीत होती. दिग्विजय तुरुंगातून पडद्यावर आला, हात जोडून, आवाज साखरेत घोळवून. समोर पहिल्या रांगेत त्याचे वडील बसले होते. मंडळाच्या प्रमुख डॉ. वसुधा निमकर, वर्तनरेषेचं गणित बसवणाऱ्यांपैकीच एक. त्यांनी प्रणिताला काही विचारायचं आहे का म्हणून विचारलं.

प्रणिताने कंदिलाची गोष्ट तशीच सांगितली असती तर काही उपयोग नव्हता. त्याला कंदील ठाऊक नाही, हे तर कोर्टानेच मान्य केलेलं होतं. ती उठली आणि पडद्यासमोर उभी राहिली.

"पेवात पडलेल्या शेवंताला हंबीरने वाचवलं. ती शेवंता मी होते."

दिग्विजय चपापला, पण लगेच सावरला. "तुमचा जीव माझ्या हातून वाचला ताई, हे माझं भाग्य."

"भाग्य कसलं? तुझ्या अडाणीपणाने मीच मरत होते," प्रणिता म्हणाली. "काय ती धडपड. गल्लीतलं शेंबडं पोर हसलं असतं. एवढ्या मोठ्या आडत्याचा मुलगा, आणि पेवात कसं उतरायचं तेही कळत नाही. तुझ्या वडिलांनी बघितलं असतं तर मान खाली घातली असती त्यांनी. जन्मभर हळदीत राहून मुलगा असला निघाला."

सभागृहात कुणीतरी हसलं. दिग्विजयने वडिलांकडे पाहिलं आणि त्याच्या आवाजातली साखर विरघळली.

"मला पेव शिकवू नका, प्रणिताताई. कंदील सोडला, ज्योत तळापर्यंत टिकली ती बघितली, मगच उतरलो. कंदील सोडल्याशिवाय आमच्यात कुणी पेवात पाय घालत नाही. हे मी चड्डीत होतो तेव्हापासून करतोय."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. त्याच्या वडिलांनी डोळे मिटून घेतले. त्यांना मुलाच्या आधी कळलं.

डॉ. निमकरांनी समोरच्या नोंदी वर-खाली करून पाहिल्या. "हंबीरने कंदील सोडल्याची नोंद नाही," त्या हळू म्हणाल्या. "तेव्हा चष्मा तुमच्या डोळ्यांवर नव्हता. आणि पेवाच्या हवेचं आपल्याला काही ठाऊक नव्हतं, असं तुम्ही कोर्टाला सांगितलं होतं. ते आता पुन्हा सांगावं लागेल."

दिग्विजयच्या तोंडचं पाणी पळालं. प्रणिता त्याच्याकडे बघत राहिली. तिला इतकं बरं वाटलं की तिने ते लपवायचा प्रयत्नही केला नाही. खटला खुनाचा म्हणून पुन्हा उघडायचं ठरलं. आई त्या रात्री दोन भाकऱ्या जास्त जेवली आणि भिंतीवरच्या सुकूच्या फोटोला म्हणाली, "गाडला रे तुझ्या ताईनं."

त्यानंतर काही दिवसांनी डॉ. निमकर स्वतः गोदामात आल्या. पोत्यावर टेकल्या, चहा घेतला.

"तुमची वर्तनरेषा पाहिली," त्या म्हणाल्या. "तळपेठेत तुमच्याइतकी स्वच्छ रेषा कुणाची नाही."

"मी रोज त्याचं वाटोळं व्हावं म्हणून पाणी वाटत होते."

"यंत्राला तहान भागलेली दिसली. पाजणाऱ्याच्या मनात काय होतं ते त्याला दिसत नाही." त्या कपाकडे बघत होत्या. "माझं निम्मं आयुष्य या रेषेत गेलंय, प्रणिताताई. तुम्ही ती निकामी केलीत. आणि तो नवनाथ ढवळे, त्याचीही रेषा स्वच्छच आहे, पण ती त्याच्या नावावर नाही."

"त्याचं काय झालं?"

"चौकशीत नाव निघालंच. वेगळ्या कोठडीत आहे. खिडकी नाही तिथे."

प्रणिताने हे होणार हे ओळखलं होतं. पाण्याचं भांडं त्याच्या ओठांना लावलं तेव्हाच ओळखलं होतं. दिग्विजयला गाडायचं तर हा नावाडी मध्ये चिरडला जाणार, आणि तिने बेधडक चिरडू दिला. तिला पश्चात्ताप झाला असं नाही. पुन्हा वेळ आली असती तर तिने तेच केलं असतं. पण तो कंदील न सोडता उतरला होता. सुकूसाठी कुणी उतरलं नव्हतं, आणि सूड घ्यायला आलेल्या बाईसाठी हा उतरला. हे घशात काट्यासारखं अडकलं होतं आणि चहाने खाली जात नव्हतं.

"त्याला स्वतःच्या नावाने मुलूख मिळू शकतो," डॉ. निमकर म्हणाल्या. "मेलेल्या माणसाच्या बायकोची संमती हवी. सत्यभामाबाई, बार्शीकडच्या. मंडळाचा फोन त्या घेत नाहीत. तुमचा घेतील कदाचित. ज्यांच्या घरात माणूस मेलंय त्यांचं ऐकतात लोक."

"मी का करू?"

डॉ. निमकरांनी कप बाजूला सारला. नंबर ठेवून त्या निघून गेल्या. प्रणिताने तो दिवसभर तसाच पडू दिला. संध्याकाळी गोदाम बंद करताना तिने फोन लावला.

पलीकडच्या बाईने सगळं ऐकून घेतलं. सुकू, पेव, मुलूख, नावाडी, दोर, आणि शेवटी संमतीची मागणी. एकदाही मध्ये तोडलं नाही. बोलून संपलं तेव्हा मागे कुठेतरी म्हशीच्या साखळीचा आवाज येत होता.

"माझा माणूस बांधावर पडला व्हता," सत्यभामाबाई म्हणाल्या. "म्या वरडत व्हते. तवा ह्यो कुऱ्हाड पुशीत हुबा व्हता. आता तुमच्यासाटी खाली उतरला म्हंता."

"हो. उतरला."

"तुमी संमती कशापायी दिली व्हती?"

प्रणिताला खोटं बोलता आलं असतं. शेवंता असती तर काहीतरी गोड बोलली असती. "सूड घ्यायला," ती म्हणाली.

"मिळाला?"

"मिळाला."

"ग्वाड लागला का?"

"लागला."

मग सत्यभामाबाई रागावून नव्हे, शेजारणीने चुलीपाशी बसून विचारावं तशा बोलल्या.

"मग बाई, तुमी पोटभर जेवून उठला, आन् आता माझ्या म्होरचं ताट वढायला आलाय व्हय?"